साक्षीदाराचे असत्य

न्याय्य पक्षाचा जय व्हावा म्हणून साक्षीदाराने एकदाच, एकच खोटे सांगितले तर तो अपराध ठरतो काय? नीतिशास्त्रातील हा प्रश्न फार जुना आहे आणि आपल्या परंपरेने त्याचा विचार अन्य कोणत्याही परंपरेइतकाच बारकाईने केलेला आहे. तथापि जुन्या प्रश्नाला प्रत्येक काळ आपले रूप देत असतो. युद्धभूमीवर लढणारे सैनिक आणि भरडली जाणारी प्रजा यांच्याखेरीज विसाव्या शतकात एक तिसरा मनुष्य ठळकपणे उभा राहिला. त्याच्या हाती शस्त्र नाही, कॅमेरा आहे. तो त्या देशाचा नाही, आणि युद्ध संपताच तो दुसऱ्या युद्धाकडे निघून जाणार आहे. हा परका पाहुणा जे दाखवील तेच दूरच्या जगाला दिसते. अशा मनुष्याने खोटे दाखविले तर? या प्रश्नाला थेट हात घालणारा एक इंग्रजी चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. त्याचे नाव ‘अंडर फायर’, दिग्दर्शक रॉजर स्पॉटिसवूड. चित्रपट म्हणून त्याची थोरवी किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. त्याने मांडलेला आणि काहीसा अर्धवट सोडून दिलेला नैतिक पेच मात्र आपण पुरा सोडवून पाहण्याजोगा आहे.

कथानकाची भूमी मध्य अमेरिकेतील निकाराग्वा हा छोटा देश आणि काळ १९७९ सालचा. त्या देशावर चार दशकांहून अधिक काळ सोमोसा घराण्याची हुकमत होती. १९१२ ते १९३३ या काळात, मधला अल्पसा खंड सोडल्यास, तेथे अमेरिकी फौजा ठाण मांडून होत्या. त्या परतल्या त्या स्वतः उभारलेले ‘नॅशनल गार्ड’ नावाचे दल मागे ठेवून. त्या दलाचा प्रमुख अनास्तासियो सोमोसा गार्सिया याच्या राजवटीचा पाया १९३४ साली बंडखोर नेता सांदिनो याच्या हत्येने घातला गेला. बापामागून दोन पुत्र गादीवर आले. १९७२ च्या डिसेंबरात राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा जगाने पाठविलेल्या मदतीला राज्यकर्त्यांनीच पाय फोडले. १० जानेवारी १९७८ रोजी ‘ला प्रेन्सा’ या विरोधी दैनिकाचे संपादक पेद्रो होआकिन चामोर्रो यांचा भर रस्त्यात खून झाला आणि आजवर धुमसणारा असंतोष पेटून उठला. सांदिनोचे नाव धारण करणाऱ्या सांदिनिस्ता बंडखोरांनी गावोगावी उठाव केले. नॅशनल गार्डने आपल्याच शहरांवर विमानांतून बॉम्ब टाकले. शेवटी १७ जुलै १९७९ रोजी सोमोसा मायामीला पळाला आणि दोन दिवसांनी बंडखोर मानाग्वात शिरले.

या पार्श्वभूमीवर रसेल प्राइस हा अमेरिकी छायाचित्रकार मानाग्वात येऊन दाखल होतो. निक नोल्टी या नटाने ही भूमिका केली आहे. त्याच्याबरोबर क्लेअर ही आकाशवाणीची वार्ताहर आणि अ‍ॅलेक्स हा मुरब्बी पत्रकार आहे. या तिघांतील प्रेमाचा धागा कथेला लागतो तेवढा आहे, आपल्याला तो लागणार नाही. प्राइसचा बाणा असा, की आपण कोणत्याही बाजूचे नाही. आपण केवळ छायाचित्रे घेतो. पुढे बंडखोर त्याला आपल्या तळावर नेतात. त्यांचा नेता रफाएल याचे एकही छायाचित्र जगाजवळ नाही. तो मारला गेला असे सरकारने जाहीर केलेले असते आणि ते खरेच असते. तळावर त्याचे प्रेत पडलेले असते. रफाएल संपला या भरवशावर अमेरिका सोमोसाला आणखी शस्त्रे पाठविण्याच्या बेतात आहे. बंडखोर प्राइसला विनवितात, की तू याचे असे छायाचित्र घे, की जगाला तो जिवंत वाटावा. प्राइस विचारात पडतो आणि अखेर ते छायाचित्र घेतो. ते जगभर छापले जाते. बंडाचा धीर टिकतो.

येथे बहुतेक प्रेक्षकांचे मन प्राइसच्या बाजूने झुकते, आणि ते स्वाभाविक आहे. एका पारड्यात एक खोटे चित्र आणि दुसऱ्या पारड्यात हजारो माणसांचे प्राण, असा हिशेब मांडला तर तराजूकडे पाहण्याचेही कारण उरत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले, की दारात आलेला मारेकरी आपल्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. हे मत वाचून आपल्या मनाला धक्का बसतो, याचे कारण आपण महाभारताच्या छायेत वाढलो आहोत. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. सदैव सत्य बोलण्याचे त्याचे व्रत होते. चोरांच्या भयाने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. चोरांनी विचारताच कौशिकाने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. मौनाने निभावत असेल तर मौन धरावे, मौनानेच संशय बळावणार असेल तर तेथे असत्यही श्रेयस्कर, असा त्या उपदेशाचा रोख आहे. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा प्रकरणात या साऱ्या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे, आणि तो ग्रंथ वर्तमानपत्रातील लेखांपायी मंडालेच्या तुरुंगात पडलेल्या एका संपादकाने लिहिला आहे हे आपल्या विषयाच्या दृष्टीने विसरण्याजोगे नाही.

तेव्हा कांटचे टोक आपण धरीत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की कौशिकाला जी सवलत द्यावी असे श्रीकृष्ण म्हणतात ती प्राइसला लागू पडते काय?

माझ्या मते पडत नाही, आणि याचे कारण खोटे कोणाशी बोलले जात आहे यात आहे. कौशिकाने ज्याच्याशी खोटे बोलावयाचे होते तो चोर होता. त्याने प्रश्न विचारला तोच हत्येसाठी. सत्य मागण्याचा त्याचा अधिकार त्याच्या हेतूनेच नष्ट झाला होता. प्राइसचे चित्र सोमोसाच्या सेनाधिकाऱ्याला एकट्याला दाखविलेले नव्हते. ते छापले गेले वर्तमानपत्रांत आणि नियतकालिकांत. ते पाहिले शाळेतील शिक्षकांनी, दुकानदारांनी, गृहिणींनी, ज्यांच्या करातून ती शस्त्रे विकत घेतली जाणार होती त्या सामान्य नागरिकांनी. शस्त्रे पाठवावीत की नाही याचा निर्णय ज्यांच्या मतावर अवलंबून होता त्यांनाच प्राइसने फसविले. दारातल्या चोराला चुकविण्यासाठी उभ्या गावाला चुकीची वाट दाखवावी, असा हा प्रकार झाला. चोर फसला हे खरे. पण ज्यांना साद घालून मदतीस बोलवावयाचे ते गावकरीही फसले, आणि पुढच्या वेळी हाकेला ओ देताना ते शंभरदा विचार करतील.

आता द्रोणपर्वातील प्रसंग पाहू. अश्वत्थामा मेला अशी आरोळी भीमाने ठोकली, परंतु द्रोणाचार्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी विचारले ते युधिष्ठिराला. असे का? युधिष्ठिर त्रैलोक्याच्या राज्यासाठीही खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती म्हणून. याचा अर्थ असा, की भीमाच्या खोट्याला जे साधले नाही ते युधिष्ठिराच्या अर्धसत्याला साधले, कारण त्याच्या मागे जन्मभराच्या सत्याचे भांडवल होते. ते सारे भांडवल त्याने एका वाक्यात खर्चून टाकले. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ तत्क्षणी खाली टेकला, आणि स्वर्गारोहणाच्या वेळीही त्या प्रसंगापायी त्याला काही काळ नरकाचे दर्शन घ्यावे लागले. महाभारतकारांनी युधिष्ठिराला दोषमुक्त केलेले नाही, तसे त्याला अधमही ठरविलेले नाही. त्यांनी फक्त किंमत सांगितली आहे.

साक्षीदाराच्या असत्याचे मर्म येथे सापडते. खोटी साक्ष खपते ती खऱ्या साक्षींच्या पुण्याईवर. छायाचित्राकडे पाहून आपण ‘हे घडले’ असे मानतो, कारण शेकडो अनाम छायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन खरे तेच आणले आहे. युधिष्ठिराने निदान स्वतःची पुंजी खर्च केली. प्राइसने जी खर्च केली ती त्याची एकट्याची नव्हती. ती साऱ्या व्यवसायाची सामाईक ठेव होती. विश्वस्ताने ठेवीतून काढलेले पैसे गोरगरिबांना वाटले तरी तो अपहारच ठरतो, दान ठरत नाही.

आपल्याला चित्रपटाची मदत येथे होते, आणि त्याची उणीवही येथेच दिसते. प्राइसच्या त्या चित्राने जगात खळबळ उडताच अ‍ॅलेक्स रफाएलची मुलाखत घेण्यासाठी मानाग्वात परततो. खरी गोष्ट कळल्यावर तो संतापतो. पुढे गोंधळलेल्या शहरात वाट चुकली असता तो सैनिकांना रस्ता विचारावयास जातो, आणि सैनिक त्याला भर रस्त्यात गोळी घालतात. प्राइस दुरून ते सारे टिपतो व जीव मुठीत धरून पळतो. सरकार जाहीर करते, की या पत्रकाराला बंडखोरांनी मारले. परंतु प्राइसची छायाचित्रे बाहेर पडतात, सरकारचे खोटे उघडे पडते, आणि सोमोसाच्या पायाखालची उरलीसुरली वाळूही सरकते.

या घटनाक्रमातील दोन दुवे चित्रपटातील एकही पात्र मोठ्याने उच्चारीत नाही. पहिला असा, की अ‍ॅलेक्सला मृत्यूच्या गावी खेचून आणले ते त्या खोट्या चित्राने. दुसरा अधिक गंभीर आहे. अ‍ॅलेक्सच्या हत्येची खरी छायाचित्रे जगाने खरी मानली, याचे कारण तीच व्यक्ती काही दिवसांपूर्वी खोटे छायाचित्र प्रसृत करून बसली आहे हे जगाला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असते तर सोमोसाच्या प्रवक्त्याला एवढेच विचारावे लागले असते, की मेलेल्याला जिवंत करून दाखविणाऱ्या या गृहस्थाने जिवंताला मारलेलेही दाखविले नसेल कशावरून? प्राइसचे सत्य तरले ते त्याचे असत्य झाकलेले राहिले म्हणून. चित्रपटाने नायकाला त्याच्या कर्माच्या हिशेबातून अलगद सोडविले आहे. वास्तवात ही सवलत मिळत नाही.

वास्तवात काय घडते याचे उदाहरण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेते कारखान्यात उकळून चरबी काढतात अशी वार्ता ब्रिटिश वृत्तपत्रांनी पसरविली. ती खोटी होती, आणि १९२५ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना ती निराधार असल्याचे पार्लमेंटमध्ये मान्य करावे लागले. १९२८ साली आर्थर पॉन्सन्बी यांनी युद्धकाळातील असत्यांवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. लोक धडा शिकले, तो असा, की अशा वार्ता ऐकून हुरळून जाऊ नये. मग १९४२ साली, नाझी जर्मनी ज्यू लोकांचा योजनापूर्वक संहार करीत आहे अशी पत्रे आणि तारा येऊ लागल्या, तेव्हा अनेक जबाबदार माणसांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही. अविश्वासाची कारणे अनेक होती. परंतु मागच्या युद्धातील थापांची आठवण हे त्यांतील एक होते. देशभक्तीपोटी बोललेल्या खोट्याचे बिल पंचवीस वर्षांनी आले, आणि ते भरले ज्यांचा त्या खोट्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा माणसांनी.

आपल्या देशालाही या गोष्टीचा जुना अनुभव आहे. लखनौच्या सिकंदरबागेतील लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार तेथे पोहोचला तो काही महिन्यांनी, १८५८ साली. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात भग्न वास्तूसमोर माणसांची हाडे विखुरलेली दिसतात. ती चित्रासाठी तशी मांडली गेली असे अभ्यासक मानतात. त्याच वर्षी झाशीत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे या भिक्षुकाजवळ कॅमेरा नव्हता. त्याने शहरातील कत्तल व लूट जीव मुठीत धरून पाहिली आणि पुष्कळ वर्षांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा मूळ मजकुरात बरेच फेरफार केलेले होते. मूळ हस्तलिखिताचा पाठ वाचकांच्या हाती आला तो १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनात. ग्वाल्हेर, इंदूर, झाशीकडील आपल्या घराण्यांत या पुस्तकाविषयी जो जिव्हाळा आहे त्याचे एक कारण असे, की त्यात कोणताही पक्ष लढविण्याची धडपड नाही. साक्ष ही वस्तू किती नाजूक आहे, आणि चांगल्या हेतूने फिरविलेल्या हातानेही तिला धक्का कसा पोहोचतो, हे त्या एका पुस्तकाच्या इतिहासावरून समजते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. कोणी म्हणेल, तटस्थता हेही एक प्रकारचे पाप नव्हे काय? चित्रपटात या आक्षेपाचा पुरावाही आहे. ओट्स नावाचा भाडोत्री सैनिक प्रेतांच्या गर्दीत मेल्याचे सोंग घेऊन पडलेला प्राइसला दिसतो. प्राइस आपल्या बाण्याला जागून गप्प राहतो. थोड्याच वेळात तोच ओट्स, पेद्रो नावाच्या बेसबॉलवेड्या तरुण बंडखोराला गोळी घालतो. म्हणजे ज्याने एकदा मौन पाळले आणि त्या मौनाने एक कोवळा मुलगा गेला, त्याच मनुष्याने पुढे खोटे बोलून ते ऋण फेडावे, अशी कथेची मांडणी आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की प्राइसने बंडखोरांची जी खरीखुरी, निर्व्याज छायाचित्रे घेतलेली असतात ती हेरगिरी करणाऱ्या एका फ्रेंच गृहस्थाच्या हाती पडतात आणि त्यांवरून चेहरे ओळखून बंडखोरांना टिपले जाते. खऱ्या चित्रांनी माणसे मेली, खोट्या चित्राने वाचली. मग सत्याचा एवढा बडिवार कशाला?

परंतु याच दाखल्यावरून मला उलट निष्कर्ष निघताना दिसतो. खऱ्या चित्राने मृत्यू यावा आणि खोट्याने जीवदान मिळावे, हे प्राइसला आधी ठाऊक होते काय? नव्हते. खोट्या चित्रापायी त्याचा मित्र प्राणास मुकेल हे तरी ठाऊक होते काय? तेही नव्हते. साक्षीचे फळ साक्षीदाराच्या हाती नसते. ते असंख्य अनोळखी हातांतून फिरत कोठल्या कोठे जाते. त्याच्या हाती असते ते एवढेच, की आपण जे दाखवितो ते घडले होते की नव्हते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. येथे ती उपदेश म्हणून येत नाही, वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून येते. फळाचा हिशेब मांडून सत्य वाकवू पाहणारा मनुष्य असा हिशेब मांडीत असतो, ज्याच्या निम्म्याहून अधिक रकमा त्याला दिसतच नाहीत. बंडखोरांचे चेहरे उघडे पडू न देणे हे मात्र त्याच्या हाती होते. काय दाखवू नये याचा विवेक आणि जे नाही ते दाखविणे, यांत मौन आणि असत्य यांच्याइतके अंतर आहे.

पेद्रोच्या मृत्यूचे उत्तर एवढे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. प्राइसने तोंड उघडले असते तर तो वार्ताहर न राहता त्या लढाईतला एक भिडू झाला असता. न उघडल्याने तो त्या मृत्यूचा भागीदार झाला. येथे दोन्हीकडे हानी आहे. माझ्या मते अशा क्षणी मनुष्याने कॅमेरा खाली ठेवून माणूस म्हणून वागावे आणि त्यानंतर आपण साक्षीदार उरलो नाही हे उघडपणे मान्य करावे. पक्ष घेणे हा गुन्हा नव्हे. पक्ष घेऊन साक्षीदाराचा वेष न उतरविणे हा गुन्हा आहे.

संजयाकडे पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. भारतीय युद्धाचा हा वृत्तनिवेदक कौरवांच्या दरबारी होता; पांडवांची बाजू न्यायाची आहे हे तो धृतराष्ट्राच्या तोंडावर सांगत असे. म्हणजे तो निःपक्ष नव्हता. तरीही भीष्म पडले, द्रोण मारले गेले, कर्ण गेला, या वार्ता त्याने धन्याच्या भीतीने सौम्य केल्या नाहीत. तसेच पांडवांनी केलेले कपटही त्यांच्यावरील प्रेमापोटी झाकले नाही. युद्धाच्या शेवटी सात्यकीने त्याला पकडले व मारण्यासाठी तलवार उगारली, तेव्हा व्यासांनी मध्ये पडून त्याला सोडविले. वार्ताहराच्या जिवाला धोका असतो, आणि तो त्याला मान्य असलेल्या पक्षाकडूनही असू शकतो, हे त्या कवीला ठाऊक होते. निकाराग्वाच्याच लढ्यात सुझन मायसेलस या अमेरिकी छायाचित्रकार स्त्रीने १९७८ व १९७९ साली जे काम केले त्यात लोकांविषयीची आस्था लपलेली नाही. बंड यशस्वी झाल्यावर सुमारे दहा वर्षांनी ती त्या देशात परत गेली, छायाचित्रांतील माणसांना शोधून काढले आणि त्यांचे पुढे काय झाले ते १९९१ साली एका माहितीपटातून मांडले. आपल्या साक्षीचा जाब ती स्वतःहून द्यावयास गेली. आस्था आणि असत्य यांची जोडी अपरिहार्य नाही, याला आणखी पुरावा नको.

न्याय्य पक्षासाठी खोटे बोलण्यात आणखी एक गोम आहे. पक्ष कायमचा न्याय्य राहत नाही. ज्या सांदिनिस्तांसाठी प्राइसने खोटे चित्र घेतले, त्यांनीच सत्तेवर आल्यावर १९८६ साली ‘ला प्रेन्सा’ हे दैनिक बंद पाडले. ज्याच्या संपादकाच्या रक्ताने बंडाला धार आली तेच हे दैनिक. १९८७ मध्ये ते पुन्हा निघाले. १९९० च्या निवडणुकीत त्याच संपादकाच्या पत्नी व्हियोलेता चामोर्रो यांनी सांदिनिस्ता नेते दानियेल ओर्तेगा यांचा पराभव केला. २००७ साली ओर्तेगा पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसांत ब्लूफील्ड्स या गावी आंखेल गाओना हा पत्रकार घटनांचे थेट प्रक्षेपण करीत असता गोळी लागून मरण पावला. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी ‘ला प्रेन्सा’च्या कचेरीवर छापा घालून ती ताब्यात घेतली. १९७९ चा लढा अन्याय्य होता असे यावरून म्हणता येत नाही. सोमोसाची राजवट जावयासच हवी होती. परंतु एखाद्या पक्षाला दिलेले असत्य, तो पक्ष बदलला म्हणून, परत मागता येत नाही. सत्याचे तसे नाही. सोमोसाच्या सैनिकांविरुद्ध दिलेली खरी साक्ष आजही खरी आहे, आणि उद्या ओर्तेगांच्या दारात उभे राहूनही ती तोंड वर करून सांगता येते.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो आपल्यासारख्या वाचकांचा आहे. अ‍ॅलेक्सच्या हत्येचा प्रसंग कल्पनेतून आलेला नाही. २० जून १९७९ रोजी अमेरिकेच्या ए.बी.सी. या दूरचित्रवाणी संस्थेचा वार्ताहर बिल स्टुअर्ट याला मानाग्वातील एका नाक्यावर नॅशनल गार्डच्या सैनिकाने आधी गुडघे टेकावयास व मग पालथे पडावयास लावून गोळी घातली. गाडीत बसलेल्या सहकाऱ्याने ते सारे चित्रित केले, आणि अमेरिकेतील घराघरांत ते दिसले. सोमोसाला अमेरिकेत उरलेला आधार त्यानंतर झपाट्याने ढासळला. चार आठवड्यांत तो देशाबाहेर होता. चित्रपटात या प्रसंगानंतर एक निकाराग्वी स्त्री क्लेअरला जे ऐकविते त्याचा आशय असा, की येथे पन्नास हजार माणसे मेली आणि आता एक अमेरिकी मेला; कदाचित आम्ही पन्नास वर्षांपूर्वीच एखादा अमेरिकी पत्रकार मारावयास हवा होता. या उद्गाराची टोचणी चित्रपटालाही लागू पडते. कारण स्टुअर्टबरोबर त्या दिवशी हुआन एस्पिनोसा नावाचा त्याचा निकाराग्वी दुभाषाही मारला गेला होता, आणि चित्रपटातील त्या प्रसंगात त्याला जागा मिळालेली नाही.

प्राइसच्या असत्याचे मूळ येथे आहे. बंडखोरांनी त्याच्याकडे खोटे चित्र का मागितले? आपले खरे मृत्यू जगाच्या बाजारात खपत नाहीत हे त्यांना कळून चुकले होते म्हणून. पन्नास हजार प्रेतांची खरी छायाचित्रे ज्याला हलवीत नाहीत, त्याला एका जिवंत नायकाचे खोटे छायाचित्र हलविते. ऐकणाऱ्याने खरे ऐकण्याचे सोडून दिले, की सांगणाऱ्याला खोट्याचा मोह होतो. आज यंत्राच्या साहाय्याने कोणालाही कोणतेही चित्र घडविता येते, आणि खऱ्या चित्रात पकडला गेलेला अपराधी ‘हे बनावट आहे’ एवढे म्हणून सुटू पाहतो. अशा काळी साक्षीदाराचे व्रत पूर्वीपेक्षा कठोर झाले पाहिजे, हे उघडच आहे. परंतु त्या व्रताचा अर्धा भाग श्रोत्याने पाळावयाचा असतो.

धृतराष्ट्राला इतका चोख वार्ताहर लाभला होता. एक एक करीत सारे पुत्र पडत असल्याचे त्याने संजयाच्या तोंडून ऐकले. तो शोक करी, मूर्च्छित होई, सावध होऊन पुन्हा ‘पुढे काय झाले’ असे विचारी. युद्ध थांबवा असा निरोप त्याने एकदाही धाडला नाही. सकाळच्या वर्तमानपत्रातील दूरदेशीच्या युद्धाची बातमी वाचून पान उलटताना, आपण त्याच्याहून वेगळे कोठे आहोत याचा विचार ज्याने त्याने करावा.